अंजनाकाकूंनी गाडी थांबवली

विश्रामबागेत आमच्या कॉलनीतल्या ज्या बायका स्वतः गाडी चालवतात, त्यांतल्या निम्म्या अंजनाकाकूंच्या हाताखालून गेलेल्या आहेत. मीही त्यांतलीच. काकूंची शिकवायची गाडी जुनी, पांढरी, डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेली. काकू डावीकडे बसतात, पदर कमरेला खोचतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. आपल्याला वाटतं, यांचं लक्षच नाही. समोर म्हैस आली की आपला पाय हलायच्या आत गाडी थांबलेली असते.

"क्लच असा आपटू नगं," त्या म्हणतात. "भाकरी तव्यात टाकतीस न्हवं? तसा अलगद सोड."

आधी माधवनगरचा रस्ता, मग तासगाव, मग मिरजेच्या बाजारातली गर्दी. एवढं जमलं की काकू लायसन्सच्या परीक्षेला पाठवायच्या. घाट मात्र त्यांनी कधी कुणाला शिकवला नाही. मी एकदा विचारलं होतं. "घाट दुसऱ्या कुणाकडं शिक," एवढंच म्हणाल्या, आणि इंडिकेटर चालूच राहिलाय म्हणून माझ्यावर ओरडल्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. काकूंचे यजमान जयराज सिसाळ लष्करात ड्रायव्हर होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी अरुणाचलात डोंगरावरच्या ठाण्यांना रसद पोचवणारा ट्रकांचा ताफा निघाला होता. नोव्हेंबरातलं धुकं होतं. एका वळणावर जयराजचा ट्रक दरीत गेला. खाली नदी होती. ट्रकचे तुकडे मिळाले, जयराज मिळाले नाहीत. पलूसला घरी त्यांच्या सामानाची काळी पेटी तेवढी आली. काकू तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसच्या होत्या आणि प्रांजल अजून नीट बोलतही नव्हती.

भाऊबंदांनी दहाव्याची तयारी चालवली तेव्हा काकूंच्या सासूबाई, भामाबाई, दारात आडव्या बसल्या. "माझ्या पोराचा देह दावा. मग करा काय करायचं त्ये." देह कोण दाखवणार? दहावं झालं नाही, तेरावं झालं नाही. काकूंचं कुंकू पुसायला आलेल्या बायकांना भामाबाईंनी अंगणातूनच परत पाठवलं. सरकारने जयराजना मृत ठरवलं, पेन्शन सुरू केली. घराने ठरवलं नाही.

"पेन्शन आणायला गेले की विधवा आन घरी आले की सवाष्ण," काकू मला एकदा म्हणाल्या होत्या. "मला हळदीकुंकवाला बोलवायचं का न्हाई, बायांनाच कोडं पडायचं."

भामाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. काकूंचं कुंकू तसंच राहिलं.

गाडी शिकायचं खूळ त्यांच्या डोक्यात जयराज गेले त्याच वर्षी शिरलं. "वळणावर गाडी सुटती म्हंजे नक्की काय हुतं, ते मला बघायचं हुतं. लोक म्हणायची, सुटली. अगं, ह्ये तर डोळं झाकून चालवायचे." त्यांना शिकवलं बादशहाकाकांनी. बादशहा मुल्ला साताऱ्याचे, जयराजच्याच तुकडीतले, जिवलग. त्या दिवशी ताफ्यात जयराजच्या मागचा ट्रक त्यांचाच होता. रजेवर आले की ते पलूसला यायचे आणि गावाबाहेरच्या माळावर काकूंना जीप शिकवायचे. तरुण विधवा परक्या माणसाशेजारी बसते म्हणून गाव बोलायला लागलं, तेव्हा भामाबाई छत्री घेऊन माळाच्या कडेला बसायला लागल्या. मग कुणी बोललं नाही. पुढे काकू लेकीला घेऊन सांगलीला आल्या आणि नवऱ्याच्या नावाने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. प्रांजल शिकली, लग्न होऊन बंगळुरूला गेली.

बादशहाकाका आणि शकिलाकाकी वर्षातून एकदा-दोनदा साताऱ्याहून सांगलीला काकूंकडे राहायला येतात. गेल्या ऑगस्टमध्ये आले तेव्हा थायलंडचा विषय निघाला. त्यांचा मुलगा अश्फाक तिकडे रयोंगला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो आईबापांना केव्हाचा बोलवत होता, पण शकिलाकाकींना बँकॉक नको होतं.

"मोठाली दुकानं बघायला इमानात बसू व्हय?" त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा डोंगर दाव म्हणावं, डोंगर असतील तर."

डोंगर होते. उत्तर थायलंडात डोंगरच डोंगर. अश्फाकने सुचवलं, चिआंग माईला विमानाने उतरायचं, तिथे गाडी भाड्याने घ्यायची. पाय नावाचं एक गाव आहे, तिथे मुक्काम. पुढे मे हाँग सॉन, तिथून दक्षिणेला वळून दोई इन्थानोन डोंगराच्या पायथ्याने परत चिआंग माई. "आणि अंजनामावशी पाहिजेतच," त्याने फोनवरून बजावलं.

लॅपटॉप माझा, म्हणून मला बोलावणं आलं. काकूंच्या टेबलाभोवती आम्ही चौघं, मधे भडंगाचा डबा, आणि डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये अश्फाक. मी रस्त्याची माहिती मोठ्याने वाचत होते.

"अठराशेच्या वर वळणं आहेत म्हणे. तिथं वळणांचा आकडा छापलेले शर्ट विकतात."

"जेवायला बसण्यापुरता तरी सरळ रस्ता हाय का न्हाई?" बादशहाकाका म्हणाले. साखरेच्या आजाराने नजर कमी झाली म्हणून त्यांनी गाडी केव्हाच सोडली होती. अश्फाककडे लायसन्स नव्हतं. तेव्हा गाडी ड्रायव्हरसकट घ्यावी, असं सगळ्यांचं ठरत आलं होतं. काकू खाली मान घालून भडंगावर घालायला कांदा चिरत होत्या. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "मी चालवती."

शकिलाकाकींनी नवऱ्याकडे बघितलं. मी उगाच स्क्रीन वरखाली केली.

"तिथं आपल्यासारखंच डावीकडनं चालवायचं असतं," काकू म्हणाल्या. "परवाना हितंच आरटीओत मिळतो. मी इचारून ठेवलंय." म्हणजे त्यांच्या मनात हे आधीपासूनच होतं.

मग महिना ठरवायचा होता. मार्चमध्ये तिथे रानं पेटवतात, सगळा मुलूख धुरात बुडतो, म्हणून मार्च बाद झाला. डिसेंबर बरा, असं मी म्हणाले.

"डिसेंबरात धुकं असतं का रं तिकडं?" काकूंनी फोनला विचारलं.

"असतं की मावशी! लोक मुद्दाम पहाटे उठून धुकं बघायला जातात. पायजवळ एक टेकडी आहे, तिथून खाली सगळा ढगांचा समुद्र दिसतो." अश्फाक खुशीत बोलत राहिला. बादशहाकाकांनी मात्र पुढ्यातली भडंगाची वाटी बाजूला सारली.

"वैनी," थोड्या वेळाने ते म्हणाले, "आधी आपल्या घाटात एकदा चालवून बघा. मग तिकिटं काढू."

"कुठल्या?"

"केळघरच्या. पाऊस जरा सरू द्या."

मधल्या दिवसांत मी संध्याकाळी काकूंकडे जात होते. खोल्या बघायच्या, गाड्यांचे फोटो बघायचे. काकूंना त्यात रस नव्हता. त्यांना रस्ता बघायचा असे. नकाशात आता रस्त्याचे फोटोही दिसतात, आपण त्यावरून चालत गेल्यासारखं पुढे पुढे जाता येतं. हे मी त्यांना दाखवलं आणि पुढे मला लॅपटॉप परत मिळायची पंचाईत झाली. पाय ते मे हाँग सॉन हा सगळा डोंगर त्या एकेक वळण करत चढल्या. वळण आलं की थांबायच्या, चित्र डावीकडे फिरवायच्या, उजवीकडे फिरवायच्या, मागे वळून बघायच्या, आणि मगच पुढे सरकायच्या. कठडे बघत असतील, असं मला वाटलं.

एके दिवशी एका वळणावर, रस्त्याच्या कडेला एक माणूस दिसला. साधा तिथलाच कुणीतरी, खांद्यावर पिशवी. त्या नकाशात माणसांचे चेहरे पुसट करून ठेवतात, तसा त्याचाही होता. काकू बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या.

"ह्याचं तोंड कुणी पुसलंय?"

मी समजावून सांगितलं. सगळ्यांचीच पुसतात, ओळख पटू नये म्हणून.

"पण घरच्याला पटंल की," त्या म्हणाल्या. "उभं राहण्यावरनं पटती." आणि त्यांनी लॅपटॉप मिटला.

सप्टेंबरअखेर एका रविवारी आम्ही भल्या सकाळी साताऱ्याला निघालो, काकूंच्याच शिकवायच्या गाडीतून. गाडी काकू चालवत होत्या आणि मी शेजारी बसले होते. पेठनाका गेला, कराड गेलं. हायवेवर काकू नेहमी गप्प असतात. त्या दिवशी बोलायला लागल्या.

"तुला वाटत आसंल, मी घाटाला भिती."

"नाही वाटत, काकू."

"वाटतं. वाटू दे. गाडी शिकल्यावर मी पयल्यांदा कुंभार्लीच्या घाटात गेले. बादशहाभावजी शेजारी हुते. एका वळणावर ह्ये हुबं हुते. वर्दीत. हात करून."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या रस्त्याकडेच बघत होत्या. आवाज अगदी रोजचा होता.

"थांबव म्हणून हात करत्यात न्हवं, तसा. मी थांबवली न्हाई. मला वाटलं, मनाचं खेळ. मग वर्षानं आंब्याच्या घाटात गेले. तिथं बी हुते. तसंच. मग मी घाटच सोडला."

"घाबरलात?"

"न्हाई गं. नवऱ्याला काय घाबरायचं? पण थांबवली तर पयलं काय बोलायचं, हेच सुचंना. आन एकदा न्हाई थांबले, मग दुसऱ्यांदा थांबायची लाज वाटली." त्यांनी पुढचा ट्रक मागे टाकला. "कुणाला बोलले न्हाई. आईस्नी बी न्हाई. त्या तर वाटच बघत हुत्या. त्यास्नी सांगितलं आसतं, तर घाटातनं उठल्याच नसत्या."

साताऱ्यात शकिलाकाकींकडे नाश्ता झाला. पुढच्या डाव्या सीटवर बादशहाकाका बसले, मी आणि शकिलाकाकी मागे. मेढा गेलं, केळघर गाव गेलं, आणि चढ लागला. खाली स्वच्छ ऊन होतं. दोन-चार वळणं चढलो असू, आणि धुकं रस्त्यावर उतरलं. काकूंनी दिवे लावले. प्रत्येक वळणाला एक लांब हॉर्न, गिअर खाली, आणि गाडी अशी वळायची की मांडीवरची बाटलीसुद्धा हलू नये. इतकं सुंदर चालवताना मी कुणाला पाहिलेलं नाही. शकिलाकाकी माझ्याकडे बघून हसल्या, थायलंड पक्कं झालं अशा अर्थाने.

आणि गाडी गचकन थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. इंजिन बंद पडलं. धुक्यात कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

काकू दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, मी ब्रेक दाबलाच न्हाई."

बादशहाकाका समोर बघत होते. त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, अजूनही दाबलेला.

"मी दाबला," ते म्हणाले.

"का?"

काकांनी ओठ पुसले. "वैनी, तुमाला बी दिसतो?"

मी काचेतून बघितलं. शकिलाकाकींनीही बघितलं. वळणावरचे पांढरे दगड, त्यावर ओलं शेवाळ, दगडांच्या पलीकडे नुसतं पांढरं. दुसरं काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, दुसरं काही नव्हतं.

"कवापासनं?" काकूंनी विचारलं.

"कुंभार्लीत तुमी चालवत हुता. त्या दिवशी."

"मग बोलला का न्हाई?"

"नवी नवी गाडी शिकलेली बाई. मला वाटलं, कशाला घाबरवा. तुमी बी काय बोलला न्हाईत." ते काचेतून बाहेरच बघत होते. "त्या दिवशी ताफ्यात त्याच्या गाडीचा मागचा दिवा माझ्याम्होरं हुता. वळण आलं, मी वळलो, आन दिवा न्हाई. आवाज बी न्हाई. मी हॉर्न दिला, वाटलं, म्होरं गेला आसंल. आन कुंभार्लीनंतर कुठल्या बी घाटात गेलो की हाय. हात करून."

"डोळ्यांचं म्हणून गाडी सोडली म्हणाला हुता न्हवं?" शकिलाकाकी मागून म्हणाल्या. "मला बी न्हाई सांगितलं?"

काकूंनी हँडब्रेक ओढला, तेव्हा काकांनी ब्रेकवरचा पाय काढला.

एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून दोघांनी एकच माणूस बघितला होता, आणि काका घाबरवायला नको म्हणून, काकू लाजेपोटी, अशी दोघं पंचवीस वर्षं गप्प राहिली होती.

काकूंनी धोक्याचे दिवे लावले, दार उघडलं आणि खाली उतरल्या. पदर डोक्यावरून घेतला. कॉलनीत काकूंना डोक्यावर पदर घेतलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. त्या दगडांपाशी गेल्या आणि हातभर अंतरावर थांबल्या. धुक्यात त्यांची पाठ तेवढी दिसत होती. आधी नुसत्याच उभ्या राहिल्या. मग बोलायला लागल्या. बाहेरगावाहून उशिरा आलेल्या माणसाला घरचं सांगतात, तसं त्या सांगत होत्या. सगळं ऐकू आलं नाही.

"...आई गेल्या. वाट बघून गेल्या... पोरीचं लगीन केलं, तिला मुलगी झाली. नाक तुमचं हाय... मी लय वर्सं घाटात आले न्हाई. आता आले."

खालून एक एसटी हॉर्न देत आली आणि आमच्या बाजूने निघून गेली. काकू परत आल्या, त्यांनी माझ्या बाजूचं मागचं दार उघडलं.

"अपेक्षा, जराशी सरकून बस."

मी मधे सरकले. काकू दार धरून उभ्या राहिल्या, म्हाताऱ्या माणसाला बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग त्यांनी दार लावलं आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या. शकिलाकाकींनी माझा हात घट्ट धरला होता, त्या पुटपुटत दुवा म्हणत होत्या. माझ्या डाव्या बाजूची सीट रिकामी होती. माझ्या डाव्या दंडाला मात्र सारखं गार लागत होतं. खिडकीची काच पूर्ण वर होती. मी दोनदा बघितली.

इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. काकूंना कुठे जायचं तेच सुचत नव्हतं.

"साताऱ्यालाच नेऊ या का आमच्याकडं?" बादशहाकाका म्हणाले.

दुवा थांबवून शकिलाकाकी जवळजवळ ओरडल्याच. "साताऱ्याला कशाला? त्याचं घर न्हाई व्हय? पलूसला चला!"

काकूंनी गाडी वळवली. घाट उतरलो, मेढा, सातारा, हायवे. कुणी चहा मागितला नाही. साताऱ्याच्या पुढे बादशहाकाका हळूहळू बोलायला लागले, मागे न वळता. अमका सुभेदार होऊन निवृत्त झाला. तमक्याने गावाकडे पोल्ट्री काढली. ते दोघं जिथे चोरून चहा प्यायचे, ते दुकान भूस्खलनात गेलं. मधेच हसायचे, मग थांबायचे, जणू समोरच्याला बोलायला जागा द्यावी. काकू आरशातून मागे बघत होत्या, माझ्या शेजारी. मी तिकडे बघायचं टाळलं. कराडला वळून कुंडलच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, ऊन कडक होतं, आणि माझा दंड गारच होता.

पलूसचं घर आता काकूंचे दीर नाथाजी सांभाळतात. ते रानात गेले होते. जाऊबाई संयोगिता अंगणात धुणं वाळत घालत होत्या. न कळवता आलेली गाडी बघून त्या पदर सावरत पुढे आल्या. काकूंनी उतरून मागचं दार उघडलं.

"उतरा. आलं घर," त्या म्हणाल्या.

संयोगिताकाकूंना वाटलं, मलाच म्हणाल्या. मी दुसऱ्या दाराने, शकिलाकाकींच्या मागून उतरले. आम्ही सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसून चहा घेतला, पावसाचं आणि उसाचं बोलणं झालं. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. परत निघताना मी त्याच सीटवर बसले. सीट उन्हाने तापली होती.

सांगलीला आल्यावर काकू आठवडाभर कुणाला शिकवायला आल्या नाहीत. बादशहाकाका शकिलाकाकींना घेऊन साताऱ्याला गेले, आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी एकट्याने गाडी घेऊन यवतेश्वरचा घाट चढून बघितला. शकिलाकाकींनी फोनवर सांगितलं, "चढून आले आन अंगणात बसून राहिले. मी इचारलं, दिसला का? न्हाई म्हणाले. मला वाटलं, खूश हुतील. रात्री जेवले न्हाईत."

मग एका दुपारी आम्ही तिकिटं बघत बसलो होतो, तेव्हा संयोगिताकाकूंचा फोन आला. काकूंच्या हाताला पीठ होतं, म्हणून मीच स्पीकर लावला.

"अक्का, एक इचारू? त्या दिवशी तुमी कुणाला आणून सोडलं हितं?"

काकूंचे हात थांबले. "का गं?"

"दुपारचं सोप्यात बुटांचा आवाज येतोय. सोप्यातनं मागच्या परड्यापतोर जातोय आन परत येतोय. मला वाटलं, मलाच भास व्हतोय. पण ह्यास्नी बी येतोय ऐकू. बोलत न्हाईत. काल आईच्या फोटूम्होरं बसून ल्हान पोरागत रडले."

"भ्या वाटतं?"

"न्हाई वो. भावजींचं काय भ्या? दाराला कडी लावायची का उघडं ठेवायचं, एवढंच इचारायचं हुतं."

"उघडं ठेव," काकू म्हणाल्या.

त्या शनिवारी त्या पलूसला गेल्या. नाथाजींनी विषय काढला, की देह नसला तरी दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो. भिलवडीला नदीवर करू. आईने तेव्हा करू दिलं नाही, आता दादाला मोकळं करू या. काकूंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, थायलंडहून आल्यावर बघू.

डिसेंबरात ती तिघं गेली. चिआंग माईला अश्फाक भेटला, भाड्याची गाडी मिळाली, आणि काकूंनी सगळा डोंगर स्वतः चालवला. शकिलाकाकी रोज फोटो पाठवायच्या. भाताची खाचरं, सोन्याचे कळस, रस्त्याकडेला भाजलेली रताळी, सगळ्या फोटोंत बादशहाकाका लोकरीची टोपी घालून. पायहून काकूंचा फोन आला.

"धुकं होतं का, काकू?"

"हुतं. लय हुतं. हात दिसत नव्हता."

मी पुढे विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "मी परत्येक वळणाला हळू केली. बादशहाभावजी काचंला नाक लावून बसले हुते. अश्फाक म्हणतोय, मावशी, किती हळू, मागं गाड्या थांबल्यात. त्याला काय सांगू? वर टेकडीवर गेलो. खाली ढग, आन पोरं-पोरी फोटो काढतायत. आमी दोघं कडंला हुबं राहून बघत हुतो, तिथं कुठं हायत का." फोनमध्ये वारा ऐकू येत होता. "न्हवते. मला माहीत हुतं, नसणार. मीच घरी सोडून आले. तरी बघितलं. पंचवीस वर्षं मी त्यांना टाळत फिरले, आन काल एवढ्या वळणात एकदा तरी दिसावं म्हणून जीव तुटत हुता."

"मग?"

"मग काय. शकिलानं खाली वडलं. काफी प्यालो. लय गोड हुती."

परत आल्यावर बादशहाकाका पुन्हा गाडी चालवायला लागले, फक्त दिवसा. काकू आता घाटही शिकवतात. माझ्या मावसबहिणीला त्यांनी आंब्याच्या घाटात नेलं आणि उताराला ब्रेकवर पाय ठेवून बसली म्हणून झापलं. भिलवडीचा विधी मात्र अजून झालेला नाही. नाथाजी आठवण करतात, काकू बघू म्हणतात. संक्रांत गेली, पाडवा गेला.

शनिवार दुपारपासून गाडीचे धडे बंद असतात. काकू पलूसला जातात आणि रविवारी संध्याकाळी येतात. मागच्या महिन्यात मी धीर करून विचारलं, तिथे दिवसभर काय करता म्हणून.

"काय करणार? सोप्यात गहू निवडत बसती," त्या म्हणाल्या. "ह्ये जात्यात, येत्यात. मधीच थांबत्यात. थांबले की मी बी सूप खाली ठेवती."